रंभेपुढे म्हटलेल्या झडत्या

कविसंमेलनात माझी ओळख करून द्यायला जो कोणी उभा राहतो, त्याचा आवाज माईक हातात येताच भरून येतो. "आता आपल्यापुढे येत आहेत फौजी कवी मारोतराव! ज्यांनी देशाच्या सीमेवर आपलं रक्त सांडलं!" टाळ्या पडतात. मी उठतो, टोपी सारखी करतो आणि सांगतो, "रक्त सांडलं हे खरं आहे बाप्पा. दोनदा सांडलं. पण दोन्ही वेळा लाथ एकाच खेचराची होती." मग हशा होतो, ओळख करून देणाऱ्याचं तोंड पडतं आणि माझं पुढचं काम सोपं होतं.

या अंकाच्या संपादकांनी फोन केला, की सैनिकातला कवी कसा घडला यावर लिहा. मी नाही म्हणत होतो. घडला म्हणजे काय, आपण काय मडकं आहोत? पण नागपुरात मनीषनगरच्या आमच्या घरात फोनवरचं सगळं सगळ्यांना ऐकू येतं. माझी बायको कुसुम स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "लिहा न! पण खरं लिहा. नाही त लोकाइले वाटीन तुम्ही बंदूक घेऊन पहाडावर उभे होते. तुम्ही त खेचराच्या मांगं उभे होते."

"मांगं नाही वं," मी म्हटलं. "मांगं उभं राह्यलं की लाथ बसते. बाजूनं उभं राहा लागते."

"मंग दोनदा कशी बसली?"



तर खरं लिहितो. मी फौजेत खेचरांचा ड्रायव्हर होतो. हो, ड्रायव्हरच म्हणतात. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, हॉर्न मात्र आपल्याच गळ्यात. जिथं ट्रक जात नाही, जीप जात नाही, तिथं वरच्या चौकीवर बसलेल्या जवानाला पीठ, रॉकेल, बॅटऱ्या, दारूगोळा आणि घरची पत्रं कोण पोचवतं? खेचर पोचवतं. आई घोडी, बाप गाढव. आईकडून ताकद आली, बापाकडून अक्कल. हसू नका. घोड्याला दरीच्या कडेनं पळवलं तर तो पळतो. खेचर आधी थांबून विचार करतं की हा माणूस शहाणा आहे की नाही.

काम दिसायला सोपं. पहाटे खरारा करायचा, दाणा द्यायचा, पाठीवर खोगीर चढवायचं, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचं ओझं बांधायचं. एका बाजूला किलोभर जास्त झालं की अर्ध्या वाटेत खोगीर सरकतं, पाठ सोलवटते, आणि ड्रायव्हरची पाठ सूबेदार साहेब सोलतात. मग एकामागं एक रांग लावून डोंगर चढायचा. वाट इतकी अरुंद की मधलं एक खेचर अडलं तर मागची सगळी रांग अडते आणि वरच्या चौकीत त्या दिवशी चूल पेटत नाही. आणि खेचराला ढकलता येत नाही. ओढता येत नाही. त्याची मर्जी राखावी लागते.

माझ्या वाट्याला आलेल्या मादीचं नाव रंभा. सरकारदरबारी नाव नसतं, खुरावर नंबर डागलेला असतो. पण नंबरला हाक कशी मारणार? या रंभेचा जीव एकदा झडतीवर अडकला होता. त्याचीच ही गोष्ट.

आता नागपूरबाहेरच्या माणसाला झडती म्हटलं की पोलीस घरात शिरल्याचं आठवतं. आमच्याकडची झडती वेगळी. पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सगळ्यांचे बैल सजवून उभे करतात, आणि मग गडी माणसं एकेक करून खड्या आवाजात चार ओळी फेकतात. कोणाच्या कंजुषीवर, कोणाच्या ढेरीवर, पाटलाच्या नव्या गाडीवर. शेवटी सगळ्यांनी मिळून "हर बोला हर हर महादेव!" त्या दिवशी कोणी राग मानायचा नाही. पाटलानंसुद्धा नाही. तोरण तुटलं, पोळा फुटला, की मग ज्याला मानायचा त्यानं मानावा.

माझे वडील आमच्या गावातले झडतीचे वस्ताद होते. त्यांचा एकच नियम होता: गेल्या साली म्हटलेली झडती यंदा म्हणायची नाही. कोणी म्हटलीच तर सारं गाव ओरडे, "शिळी! शिळी!" आणि तो माणूस पुढचा पोळा येईस्तोवर पारावर बसत नसे. माझ्या तोंडात कविता आली ती तिथून. शाळेतून आली असती तर वृत्तात आली असती.

रंभेची आणि माझी पहिली भेट म्हणजे पहिली लाथ. मांडीवर बसली. तोंडात शिवी आलीच होती, पण शेजारीच आमचे सूबेदार बिष्ट साहेब उभे. गढवालचे. मिशी अशी की तिला वेगळं रेशन मिळत असावं. त्यांच्यापुढं शिवी देणं म्हणजे दुसरी लाथ मागून घेणं. म्हणून मी त्या शिवीला चाल लावली आणि वऱ्हाडीत झडती करून ओरडलो. साहेबांना वाटलं, हा देवाचं काही म्हणतो आहे. पण रंभेचे कान उभे राहिले. खेचराचं सगळं मन त्याच्या कानात असतं. कान मागं चपटे, म्हणजे बाजूला व्हा. कान पुढं ताठ, म्हणजे ऐकून राहिलं आहे. मी शेवटी "महादेव!" म्हटलं आणि ती गरीब गायीसारखी चालू लागली.

बस्स. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकी लंगरीवर रचली:

"लंगरीच्या डाळीत पानी किती,
दान्याले दाना भेटत नाही,
बुडी मारून पाह्यली मी गा,
तळाचा पत्ता लागत नाही!
हर बोला हर हर महादेव!"

रंभा चालली. तिसऱ्या दिवशी बर्फावर, चौथ्या दिवशी माझ्या फाटक्या बुटावर. मला रोज नवी सुचायची, कारण तीच ती म्हणायची मला वडिलांची लाज वाटे. ते चारशे कोसांवर होते, पण त्यांचा कान तिखट होता. बाकीचे ड्रायव्हर हरियाणाचे, पंजाबचे, बिहारचे. कोणाला एक शब्द कळत नसे. "मारोती, तेरी रंभा को आज क्या सुनाया?" विचारायचे. मी म्हणायचो, "तुझ्याबद्दलच होतं." सांगायला अभिमान वाटतो, अशी दाद मला नंतर कोणत्याच रंगमंचावर मिळाली नाही. माणूस सभ्यतेनं टाळ्या वाजवतो. खेचर सभ्य नसतं.

एका वर्षी मी सुट्टी संपवून निघालो तेव्हा पोळा तोंडावर होता. कुसुम आधीच फणफणलेली. "पोळ्याले घरी नाही राहत, तुम्ही मानूस आहे का कोन आहे?" मी गुपचूप नागपूरच्या इतवारी बाजारात गेलो. तिथं बैलांच्या साजाचं एक जुनं दुकान होतं. मी घुंगरमाळ मागितली, बेगड मागितली, गेरू मागितला, झूल मागितली.

दुकानदार म्हणाला, "बैल मोठे हायेत का लहान?"

"बैल नाही भाऊ. खेचर हाय."

त्यानं चष्मा वर केला. "खेचराचा पोळा करून राहिला का गा तू?"

"हव."

"मंग शिंगाले लावाची बेगड काहून घेऊन राहिला? त्याले शिंगं हायेत का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बेगड ठेवून दिली, घुंगरं जास्त घेतली.

पोळ्याच्या दिवशी मी रंभेला असं सजवलं की नवरी झक मारेल. अंगावर गेरूचे ठिपके, चुन्याचे पंजे, गळ्यात घुंगरं, पाठीवर लाल झूल. ते पाहून बाकीच्या ड्रायव्हरांना चेव आला. त्यांनीही आपापली खेचरं रंगवली. देवदाराच्या फांद्यांचं तोरण बांधलं, सगळी खेचरं ओळीनं उभी केली. आणि आमच्यापैकी एकाही शहाण्याला सुचलं नाही की समोरच्या डोंगरावर दुर्बिणी लावून माणसं बसलेली आहेत. बैलाला रंगवायचं असतं, एवढंच डोक्यात. फौजेत सगळं झाकायचं, लपवायचं, मातकट करायचं असतं, हे साफ विसरलो.

बिष्ट साहेब आले ते धावतच आले. "यह बारात किसकी है?" असे कडाडले की तोरण हललं. "दुश्मन को न्योता भेजा है? खाना भी खिलाओगे?"

मला पळायला जागा नव्हती. म्हणून मी तोरणाखाली उभा राहून झडती फेकली:

"बिष्ट साहेबाची मिशी मोठी,
पहाटेच निंगून चौकीले जाते,
साहेब राह्यते तंबूत निजून,
मिशी त्याहीची सलामी घेते!
हर बोला हर हर महादेव!"

साहेबांनी विचारलं, "क्या बोला? मेरा नाम सुना मैंने." मी हिंदीत अर्थ सांगितला आणि वर घाईघाईनं सांगितलं, "साहब, आज हमारा पोळा है. आज के दिन बुरा मानना मना है. हमारे यहाँ पाटील भी नहीं मानता." साहेबांची मिशी थरथरली, आणि ते हसले. पोट धरून हसले. मी सुटलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे हजेरीत त्यांनी मला पुढं बोलावलं. "पोळा कल था न?" "जी साहब." "आज नहीं है न?" "नहीं साहब." "तो पिट्ठू लगाओ." पिट्ठू म्हणजे पाठीवर ओझं बांधून धावायची शिक्षा. मी धावत होतो आणि रंभा दाणा खात माझ्याकडे बघत होती. कान पुढं. मजा घेत होती लेकाची. गेरू काही तिच्या अंगावरून लवकर गेला नाही. महिनाभर गुलाबी खेचर म्हणून तिला झाडीतल्या झाडीत पाणी वाहायला लावलं होतं.

असं सगळं मजेत चाललं असताना माझ्या बदलीचा हुकूम आला. खाली मैदानात, ट्रकांच्या कंपनीत. बढतीची बदली होती. सगळ्यांनी पाठ थोपटली. मी हसून घेतलं आणि तबेल्यात जाऊन रंभेच्या मानेवर कपाळ टेकून उभा राहिलो, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. रंभा दुसऱ्या कोणाच्याच हातानं चालत नव्हती. मी सुट्टीवर असलो की ती तबेल्यात उभीच असायची. ड्रायव्हर बदलून बघितले, गूळ देऊन बघितलं, एका पठ्ठ्यानं सिनेमातली गाणी म्हणून बघितली. त्याला दुसऱ्याच कडव्याला लाथ बसली.

आणि थोड्याच दिवसांत बोर्ड येणार होता. बोर्ड म्हणजे जनावरांच्या डॉक्टर साहेबांची कमिटी. ती येते, एकेक जनावर तपासते आणि निकामी असेल त्याला "कास्ट" करते, म्हणजे यादीतून काढते. फौजेचं खेचर कोणाच्याही हातानं चाललं पाहिजे. जे एकाच माणसाचं ऐकतं ते फौजेच्या काय कामाचं? तेव्हा आमच्या त्या डोंगरावर कास्ट झालेल्या जनावराला सांभाळायला कोणी नव्हतं, खाली नेऊन घ्यायला कोणी नव्हतं. त्याचं पुढं काय होई ते आम्ही ड्रायव्हर लोक बोलत नसू. एक गोळी. आता तरी स्पष्ट लिहून टाकतो.

मी बिष्ट साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहब, मेरी बढती रोक दो." साहेब म्हणाले, "बढती रुकती है, बदली नहीं रुकती. किसी को अपनी विद्या सिखा दे. और कोई रास्ता नहीं."

रंभेसाठी नवा ड्रायव्हर म्हणून त्यांनी सेल्वमला दिला. सेल्वम मदुराईकडचा. तगडा, काळा, माझ्याहून थोडा लहान. आणि मुका म्हणावा इतका गप्प. त्याच्या हिंदीची सुरुवातीला कोणीतरी थट्टा केली होती, तेव्हापासून त्यानं तोंडच मिटलं होतं. "जी" आणि "नहीं" यावर त्याची नोकरी चालली होती. मी कपाळावर हात मारला. सारी फौज सोडून झडती म्हणायला हाच सापडला?

मी त्याच्यासाठी मुद्दाम सोपी झडती रचली:

"चाल वं रंभे, चाल वं बाई,
पहाडाबिगर आपलं कोनी नाही,
वर गेलो त दाना भेटीन,
खाली राह्यलो त काहीच नाही!"

आणि तबेल्यात शाळा भरवली. सेल्वम पहिल्यांदा म्हणाला ते माझ्या गुडघ्यालाही ऐकू आलं नाही. "मोठ्यानं!" मी ओरडायचो. "पेट से! ऐसा समझ, सामने तेरा पाटील खडा है!" त्याला पाटील काय माहीत? मग मी विचारलं, तुझ्या गावात कोणाचा राग येतो? तो विचार करून म्हणाला, "मामा." "बस, तर मग समोर मामा उभा आहे." त्यासरशी असा आवाज निघाला की रंभेनंच दाण्यातून तोंड वर काढलं. लोकांना वाटेल त्याचे उच्चार वेडेवाकडे असतील. मुळीच नाही. आमच्या हिंदीवाल्या गड्यांना जन्मात "ळ" म्हणता आला नाही. सेल्वम माझ्यापेक्षा चांगला म्हणायचा.

पहिल्या दिवशी त्यानं झडती म्हटली आणि रंभा चालली! मी दूर दगडाआड लपलो होतो. तिथंच नाचलो. लंगरीकडून सेल्वमसाठी हलवा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या वाटेवर थांबली. तिसऱ्या दिवशी कान मागं. मी म्हटलं, काहीतरी चुकतं आहे. ताल चुकतो आहे. मी सेल्वमकडून तीच झडती घोकून घेतली. हाताचा झोका कसा, "महादेव" कुठं उचलायचा, श्वास कुठं घ्यायचा. बिचारा जेवतानाही पुटपुटायचा. जितकी जास्त पक्की होत गेली तितकी रंभा जास्त बिघडत गेली. मला काही केल्या उमगेना. सेल्वम एकदा काही बोलायला आला होता, "उस्ताद, वो..." मी म्हटलं, "बोलू नको. म्हण." उस्ताद म्हणून घ्यायची एकदा सवय लागली की माणसाचे कान बंद होतात.

बोर्ड आला. अध्यक्ष कर्नल साहेब, जनावरांचे मोठे डॉक्टर. देह मोठा, पोट त्याहून मोठं, आणि खालून वर आलेले एका टट्टूवर बसून. टट्टू उभ्या उभ्या धापा टाकत होतं. मला बिष्ट साहेबांनी ताकीद दिली होती: तोंड उघडायचं नाही, रंभेच्या नजरेसमोर यायचं नाही. मी इतर ड्रायव्हरांच्या मागं उभा राहिलो.

बाकीची खेचरं पास झाली. रंभेचा नंबर पुकारला. सेल्वमनं ओझं अगदी बरोबर बांधलं. दोरी धरली. झडती म्हटली. एकही अक्षर चुकलं नाही. रंभा हलली नाही. त्यानं पुन्हा म्हटली. कान चपटे झाले. तिसऱ्यांदा म्हटली आणि रंभेनं चक्क पाठ फिरवली. कर्नल साहेब शेजारच्या बाबूला म्हणाले, "लिखो." मला घाम फुटला. त्या थंडीत माझा शर्ट ओला झाला. मनात म्हटलं, गेली. माझी रंभा गेली. आता मी ओरडलो तर ती चालेल, पण मग तर पक्कंच झालं की ती एकाच माणसाची आहे. हात असून बांधल्यासारखा उभा होतो.

सेल्वमनं दोरी खाली सोडली. टोपी काढून तोंड पुसलं. कर्नल साहेबांकडे पाहिलं, त्यांच्या टट्टूकडे पाहिलं. आणि एकदम हात वर करून अशी ललकारी दिली की डोंगरानं परत दिली. तमिळमध्ये! चाल आमच्या पोळ्याची, हाताचा झोका माझा, आणि शब्द त्याचे स्वतःचे, त्या क्षणी जुळवलेले. चार ओळी. शेवटी मात्र "हर बोला हर हर महादेव!" आम्ही सगळे ड्रायव्हर सवयीनं मागून ओरडलो, बोर्डासमोर आहोत हेही विसरलो.

रंभा वळली. कान पुढं. ताठ. आणि चालायला लागली. सेल्वमच्या मागं मागं, चढणीवर, ठरलेल्या खुणेपर्यंत गेली आणि परत आली.

मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात कर्नल साहेब सेल्वमला हळू आवाजात म्हणाले, "जवान, मेरी ससुराल मदुरै में है."

सेल्वमचा चेहरा राखेसारखा झाला. साहेब आमच्याकडे वळले. "आप लोग जानना चाहेंगे, इसने क्या कहा? इसने कहा, पहले उस बेचारे टट्टू को पेंशन दो जो इस पहाड़ को ढोकर लाया है. फिर रंभा की बात करना."

तेव्हा बिष्ट साहेब पुढं झाले, टाच आपटून सलाम ठोकला आणि म्हणाले, "साहब, आज इनका पोळा है."

तो कोणता पोळा! पोळा होऊन गेल्याला कित्येक महिने झाले होते. आजूबाजूला बर्फ होता.

"पोळा क्या होता है?" कर्नल साहेबांनी विचारलं.

"साहब, जिस दिन बुरा मानना मना है."

कर्नल साहेबांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, टट्टूकडे पाहिलं आणि बाबूला म्हणाले, "लिखो, फिट." उतरताना ते पायी गेले. टट्टू मोकळंच मागून चाललं होतं.

मी सेल्वमला मिठी मारली. म्हटलं, "लेका, माझी एवढी चांगली झडती सोडून तू हे काय केलंस?" इतक्या दिवसांत त्याचं पहिलं पूर्ण वाक्य मी तेव्हा ऐकलं. "उस्ताद, वही बोलना था मुझे उस दिन. आपकी बासी हो गई थी. बासी वो नहीं खाती."

वडिलांचा नियम मी जन्मभर पाळला आणि दुसऱ्याला शिकवायची वेळ आली तेव्हा एकच झडती घोकायला लावली! रंभेला ना माझा आवाज हवा होता, ना माझी वऱ्हाडी. तिला रोज ताजी हवी होती. खेचराला कळलं, मदुराईच्या माणसाला कळलं, वस्तादाच्या पोराला कळलं नाही.

पेन्शन घेऊन नागपूरला आलो, शहराबाहेरच्या वाडी भागात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख केली, आणि संध्याकाळी कविता म्हणत फिरलो. त्यात नाव झालं म्हणतात. पण आता जिथं जातो तिथं लोक पहिल्या रांगेतून ओरडतात, "मारोतराव, ती मिशीवाली होऊ द्या!" मी म्हणतो, नवी आणली आहे. "नवी मंग, आधी मिशीवाली!" आणि मीही म्हणतो. वर्षानुवर्षं तीच म्हणतो आहे. टाळ्या त्याच जागी पडतात. घरी आल्यावर कुसुम विचारते, "कसं झालं?" मी म्हणतो, "मस्त झालं." एवढं बोलून हातपाय धुवायला जातो, कारण मला मनातून लाज वाटत असते.

असो. बोर्डाच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो. पाठीवर बिस्तरा, हातात ट्रंक. बिष्ट साहेबांनी सगळ्यांसमोर गळाभेट घेतली आणि कानात सांगितलं, "मारोती, जाते वक्त आवाज मत देना. चुपचाप उतर जाना." मी म्हटलं, "जी साहब."

तबेल्याच्या खाली वाट फुटते. एक वर चौकीकडे, एक खाली रस्त्याकडे. मी फाट्यावर पोचलो तेव्हा रांग वर चढत होती. सेल्वम पुढं, मागं रंभा. तो त्याच्या भाषेत काहीतरी ललकारत होता, मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि ती कान टवकारून चालली होती. माझ्यानं राहवलं नाही. साहेबांना शब्द दिला होता, तरी नाही राहवलं. मी ट्रंक खाली ठेवली, हात वर केला आणि ओरडलो:

"ट्रकाच्या गावाले चाल्लो मी,
त्याले ना शेपूट, त्याले ना कान,
झडती म्हनू त कोनाले म्हनू,
कोन वं डोलवीन ऐकून मान!
हर बोला हर हर महादेव!"

नवी कोरी होती. त्याच पहाटे रचली होती. इतकी चांगली मला ना त्याआधी कधी सुचली, ना त्यानंतर.

मनात म्हणत होतो, थांब रंभे, एकदा थांब. आणि त्याच मनात म्हणत होतो, थांबू नको माय, थांबशील तर मरशील.

रंभेनं एक कान माझ्याकडे वळवला. दुसरा सेल्वमकडेच होता. पाऊल नाही थांबवलं. वळणापर्यंत तो एक कान माझ्याकडे होता, मग वळणाआड ती दिसेनाशी झाली. मी ट्रंकेवर बसून मोकळ्यानं रडलो, डोळे पुसले आणि रस्त्याकडे उतरू लागलो.